२०२५ चा सर्वात वेगवान कोण : ९.७५ वाला की ९.७७ वाला?

सारसबागकर (धागाकर्ता)

पुण्यातल्या सणस मैदानावर सकाळी पळून झालं की घाम वाळेपर्यंत जे वाद होतात, त्यातला एक मिटता मिटत नाहीये, म्हणून इथे आणतोय. २०२५ च्या सीझनमध्ये शंभर मीटरचा सर्वात वेगवान माणूस कोण?

माझं उत्तर किशेन थॉम्पसन. जूनअखेरीस किंग्स्टनला, जमैकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ९.७५ काढले. मागून वारा सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे वेळ ग्राह्य धरण्यासाठीच्या २.० च्या मर्यादेत आरामात. त्या वर्षी याच्या खाली कोणी गेलं नाही. आजवरच्या इतिहासात त्याच्या पुढे फक्त पाच जण आहेत : बोल्ट, गे, ब्लेक, पॉवेल आणि गॅटलिन.

सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत जमैकाचाच ऑब्लिक सेव्हिल ९.७७ मध्ये जिंकला. थॉम्पसन ९.८२ ने दुसरा, अमेरिकेचा नोआ लाइल्स ९.८९ ने तिसरा. सेव्हिल जगज्जेता, त्याचं सुवर्ण कोणी काढून घेत नाहीये. पण वेग घड्याळ सांगतं, पदक नाही. ९.७५ हा आकडा ९.७७ पेक्षा लहान आहे. यात चर्चा करण्यासारखं काय आहे, हेच मला कळत नाही. तरी करा.

पेठेतला पंच

चर्चा करण्यासारखं काही नाही म्हणता आणि धागा काढता! असो.

साफ असहमत. घड्याळ एकट्याने वेग मोजत नाही, शेजारी वाऱ्याचं यंत्र असतं. ढोबळ हिशेब असा, की मागून सेकंदाला एक मीटर वारा असला की शंभर मीटरला साधारण ०.०५ सेकंद वाचतात. किंग्स्टनला वारा ०.८, टोकियोच्या फायनलला ०.३. फरक अर्ध्या मीटरचा, म्हणजे वेळेत साधारण ०.०२ ते ०.०३. तुमचा थॉम्पसन पुढे आहे ०.०२ ने. वजाबाकी तुम्हीच करा.

सेव्हिलने ते ९.७७ कुठे काढले, तेही बघा. आदल्या दिवशी हीट, त्या संध्याकाळी आधी सेमी, मग फायनल. शेजारी ऑलिंपिक विजेता लाइल्स आणि खुद्द थॉम्पसन. त्यात फायनलला बोत्स्वानाचा तेबोगो फॉल्स स्टार्टवर (बाराआधीच सुटल्याने) बाहेर गेला, म्हणजे सगळ्यांना पुन्हा ब्लॉकवर यावं लागलं. हे सगळं पचवून ९.७७.

सारसबागकर

पंच, वाऱ्याचा हिशेब सोयीपुरता नका काढू. किंग्स्टनच्या त्याच शर्यतीत तुमचा सेव्हिलही होता. तोच वारा, तोच ट्रॅक, तोच पिस्तुलाचा बार. थॉम्पसन ९.७५, सेव्हिल ९.८३. आठ शतांश म्हणजे फिनिशला जवळपास एक मीटर. त्या दिवशी वारा एकट्या थॉम्पसनच्याच पाठीशी होता काय?

पेठेतला पंच

आणि टोकियोला सेव्हिल त्याच्या पाच शतांश पुढे. तिथेही वारा एकच होता. तुमचाच न्याय.

आठव्या लेनचा

पंचांना +१. या सेव्हिलची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. २०२२ आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धांत चौथा. २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिक फायनलमध्ये आठवा, म्हणजे शेवटचा. वेळ ९.९१! आठच्या आठ जण दहा सेकंदांच्या आत पळालेली ती फायनल. लाइल्स आणि थॉम्पसन दोघांनाही ९.७९ दिले आणि निकाल हजारांशावर गेला, ९.७८४ विरुद्ध ९.७८९. पाच हजारांश म्हणजे त्या वेगाला पाच-सहा सेंटिमीटर. फोटोत धड आधी कोणाचं पोचलं एवढंच बघतात, डोकं किंवा हात धरत नाहीत.

त्या शर्यतीत शेवटचा आलेला माणूस पुढच्या वर्षी लंडनला लाइल्सला हरवतो (९.८६ विरुद्ध १०.००), लोझानला पावसात, समोरून वारा असताना ९.८७ काढून पुन्हा हरवतो, आणि मग टोकियो. बोल्टचे गुरू ग्लेन मिल्स यांचाच चेला, बोल्ट स्वतः स्टेडियममध्ये बघत होता. २०१५ च्या बोल्टनंतर जमैकाकडे आलेलं हे शंभर मीटरचं पहिलं पुरुष जगज्जेतेपद. माझ्या मते वर्ष त्याचं. एका दिवसाच्या ९.७५ वर अख्खा सीझन कोणाच्या नावावर करायचा नसतो.

सारसबागकर

लाइल्सला हरवलं हो, पण लंडन-लोझानला थॉम्पसन होता कुठे? आणि 'एका दिवसाची' म्हणाल तर जागतिक फायनल काय आठवडाभर चालते?

स्पाइक्सवाली

इतके प्रतिसाद झाले आणि एकालाही बायका पळतात हे आठवलं नाही. धन्य आहे.

प्रश्न 'सर्वात वेगवान कोण' असा असेल आणि ज्यावर वादच नाही असं उत्तर हवं असेल, तर ते अमेरिकेची मेलिसा जेफरसन-वुडन आहे. टोकियोत शंभरला १०.६१. स्पर्धेचा विक्रमही तोच आणि वर्षातली जगातली सर्वोत्तम वेळही तीच. दुसरी आलेली टीना क्लेटन १०.७६. पंधरा शतांशांचा फरक! टीव्हीवर दुसऱ्या नंबरसाठी कॅमेरा मागे न्यावा लागतो एवढा. पॅरिसची सुवर्णविजेती ज्युलियन अल्फ्रेड १०.८४ ने तिसरी. मग दोनशेला २१.६८, तीही वर्षातली सर्वोत्तम. वर रिलेचं सुवर्ण. शंभर, दोनशे आणि रिले एकाच जागतिक स्पर्धेत जिंकणारी तिच्या आधी एकच बाई, २०१३ ची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस.

तुमचं घड्याळही तिच्याकडे आणि पदकही तिच्याकडे. सारसबागकर आणि पंच या दोघांनी एकत्र बसून चहा घ्यावा असा हा एकच निकाल आहे, आणि नेमका तोच धाग्यात नाही.

आठव्या लेनचा

ताई, शंभर टक्के मान्य. फक्त एक भर. वेगात चारशे धरणार असाल तर सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोनचे टोकियोतले ४७.७८ विसरू नका. त्याहून कमी वेळ इतिहासात एकच, मारिटा कोखचे १९८५ चे ४७.६०.

स्पाइक्सवाली

चारशे धरायचेच. शेवटच्या ऐंशी मीटरला पाय दगड होतात ते ज्याने अनुभवलंय, तो त्याला स्प्रिंट नाही म्हणणार नाही. त्याला शिवी देईल फार तर.

लाकडी क्लॅपर

मी शाळकरी मुलांना पळायला शिकवतो, बालेवाडीच्या ट्रॅकवर नेहमी जाणं होतं. तुमच्या या शतांशांच्या भांडणाची मला गंमत वाटते, कारण आमच्याकडे दर सीझनला हाच वाद असतो आणि तिथे तर घड्याळच संशयित असतं.

शाळांच्या स्पर्धांत अजून बऱ्याच ठिकाणी हातघड्याळ. फिनिशला पायऱ्यांवर टाइमकीपर एकावर एक बसलेले, अंगठा बटणावर, नजर समोर शंभर मीटरवर. नियम असा की स्टार्टरच्या पिस्तुलाचा धूर किंवा ठिणगी दिसली की घड्याळ सुरू करायचं. आवाजाची वाट बघायची नाही, कारण आवाजाला शंभर मीटर यायला ०.२९ सेकंद लागतात. आता नवखा टाइमकीपर आवाजावर दाबतो. झालं! पोराची वेळ घरबसल्या तीन दशांश सुधारली. इकडे बाप व्हॉट्सअ‍ॅपवर 'अकरा फ्लॅट' टाकून मोकळा. तोच मुलगा इलेक्ट्रॉनिक टायमिंगवर ११.४ पळाला की बाप माझ्याकडे येतो, 'सर, याचा फॉर्म गेला का हो?' फॉर्म नव्हे हो, अंगठा. अगदी नीट दाबलेलं हातघड्याळही इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण ०.२४ सेकंद कमी दाखवतं, तुलना करताना तेवढे मिळवावे लागतात.

आणि वाऱ्याचं यंत्र? ते फिनिशपासून ५० मीटरवर, पहिल्या लेनच्या कडेला, साधारण १.२२ मीटर उंचीवर असावं लागतं. बार झाल्यापासून दहा सेकंद मोजतं. आमच्याकडे वाऱ्याची दिशा धुळीवरून ठरते.

म्हणून मी पंचांच्या बाजूने. यादीतली वेळ कुठून आली हे मला माहीत नसतं. समोरासमोर कोण आधी पोचलं ते मात्र कोणालाही दिसतं.

सारसबागकर

सर, आदर आहे, पण किंग्स्टनला अंगठा नव्हता. इलेक्ट्रॉनिक घड्याळ, अधिकृत वारा, फोटोफिनिश. शाळेच्या स्पर्धेतला घोळ थॉम्पसनच्या माथी का मारायचा?

आता समोरासमोरच्या न्यायाचा घोळ बघा. २००३ ला पॅरिसमध्ये किम कॉलिन्स जगज्जेता झाला, वेळ १०.०७. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा पॅट्रिक जॉन्सन जपानमध्ये मितोला ९.९३ पळाला होता. कॉलिन्स उत्तम धावपटू, पण २००३ चा सर्वात वेगवान?

२०११ तर त्याहून भारी. देगूच्या जागतिक स्पर्धेत बोल्ट फॉल्स स्टार्टवर बाहेर, योहान ब्लेक ९.९२ मध्ये जगज्जेता. दोन-तीन आठवड्यांत ब्रसेल्सला बोल्ट ९.७६ पळाला. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण घोडं शर्यतीचंच होतं! तुमच्या नियमाने २०११ चा सर्वात वेगवान माणूस ब्लेक. हे बोल्टला हरवून नाही, बोल्ट पळालाच नाही म्हणून.

पेठेतला पंच

देगूला समोरून १.४ चा वारा होता, ते सोयीस्कर विसरलात. आणि बाराचा आवाज येईपर्यंत ब्लॉकमध्ये थांबणं हाही शर्यतीचाच भाग आहे. ०.१ सेकंदाच्या आत हालचाल केली तरी बाहेर काढतात. बोल्टला थांबता आलं नाही, ब्लेकला आलं.

तुम्ही २०११ काढलंत, मी २०२१ काढतो. टोकियो ऑलिंपिकच्या सेमीला चीनचा सु बिंगतियान ९.८३, आशियाई विक्रम. दोनेक तासांनी फायनलला तोच ९.९८, सहावा. इटलीच्या याकोब्सने ९.८० मध्ये सुवर्ण नेलं. माणूस तोच, ट्रॅक तोच, संध्याकाळ तीच. नेमकी वेळ आली की पाय चालले पाहिजेत.

लाकडी क्लॅपर

अवांतर : हाच सु बिंगतियान २०१३ च्या आशियाई स्पर्धेत आपल्या बालेवाडीत शंभर जिंकून गेला, १०.१७. त्याच स्पर्धेत दुती चंदला दोनशेचं कांस्य. पुण्यातल्या किती जणांच्या हे लक्षात आहे? ट्रॅकवर आशियाचा सर्वात वेगवान माणूस आणि स्टँडमध्ये बसायला जागाच जागा.

कात्रजचा कासव

आंतरराष्ट्रीय झालं, आता घरचं बघू. २०२५ चा सर्वात वेगवान भारतीय कोण? मार्चमध्ये बेंगळुरूला गुरिंदरवीर सिंग १०.२०, राष्ट्रीय विक्रम. त्याच शर्यतीत मणिकांता होबळीदार १०.२२. एप्रिलमध्ये कोचीच्या फेडरेशन कपला सुवर्ण आपल्या प्रणव गुरवचं, १०.२७. त्याआधी उत्तराखंडच्या राष्ट्रीय स्पर्धेतही महाराष्ट्राकडून शंभरचं सुवर्ण त्याचंच, आणि मुलींत सुदेष्णा शिवणकरचं. जुलैमध्ये ग्रीसला अनिमेष कुजूर १०.१८, पुन्हा नवा विक्रम.

आता पंच, तुमच्या नियमाने राष्ट्रीय सुवर्णवाला प्रणव. बोला, अनिमेषला दुसरा नंबर देता?

पेठेतला पंच

अडचणीत आणलंत. महाराष्ट्राचा मुलगा असल्याने मोह होतोय, पण नाही. भारतात कोणालाही विचारा, अनिमेष म्हणतील. मी पण म्हणेन.

सारसबागकर

झालं! म्हणजे भारतात घड्याळ आणि जगात पदक?

पेठेतला पंच

उड्या मारू नका. अनिमेषकडे नुसतं घड्याळ नाही, गुमीच्या आशियाई स्पर्धेत दोनशेला २०.३२ आणि कांस्यही आहे. पण त्याचाच सीझन पुढे बघा. टोकियोला दोनशेच्या हीटमध्ये २०.७७, तिथेच बाहेर. मी म्हणतोय ते हेच. ग्रीसमधला आकडा टोकियोच्या ब्लॉकवर उपयोगी पडत नाही. दोष त्याचा नाही, त्या पातळीच्या शर्यती त्याला वर्षभर मिळायला हव्यात. जमैकाच्या पोराला किंग्स्टनला शेजारच्या लेनमध्येच जगज्जेता भेटतो.

स्पाइक्सवाली

हा धाग्यातला पहिला कामाचा मुद्दा. गुरिंदरवीर, मणिकांता आणि अनिमेष एकमेकांच्या शेजारी वारंवार पळाले तर एकमेकांना खेचत तिघांच्याही वेळा खाली येतील. बेंगळुरूला दोघे एकाच शर्यतीत जुन्या विक्रमाच्या आत आले, तो योगायोग नव्हता. चौघांना रिलेसाठी एकत्र आणलं तर चंदीगडला ३८.६९ चा राष्ट्रीय विक्रम झाला.

सारसबागकर

मान्य, पण मूळ प्रश्न सोडू नका. पंच, आता २०२६. या वर्षी ना ऑलिंपिक, ना मैदानी जागतिक स्पर्धा. ग्लासगोला राष्ट्रकुल, तिथे अमेरिकन नाहीत. नागोयाला आशियाई, तिथे जमैकन नाहीत. मग तुमचा 'सर्वात वेगवान' ठरवणार कोण?

पेठेतला पंच

सप्टेंबरात बुडापेस्टला जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेची नवी अल्टिमेट चॅम्पियनशिप आहे. तीन दिवस, निवडक धावपटू, सुवर्णाला दीड लाख डॉलर. तिथे जो आधी पोचेल तो.

सारसबागकर

आणि जूनमध्ये किंग्स्टनला कोणी ९.७० काढले आणि बुडापेस्टला मांडी धरून बसला तर?

पेठेतला पंच

तर तुम्ही धागा काढा, मी असहमत लिहितो.