मदत हवी आहे: लिस्टिंगमधल्या सूचना न पाळता आलेल्या ऑफरचं काय करावं?

कॅलिफोर्नियातलं आमचं घर विकायला काढलंय. एमएलएसवर (एजंट जिथे विक्रीची घरं नोंदवतात ती सामायिक यादी) आमच्या एजंटने स्पष्ट लिहिलं होतं: सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, प्री-अप्रूव्हल लेटर (कर्ज मिळू शकेल असं बँकेचं पत्र), डाउन पेमेंटच्या पैशांचा पुरावा, सही केलेली डिस्क्लोजर्स (घराविषयी आम्ही दिलेल्या माहितीचे कागद), ऑफर सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत.

६ ऑफर्स आल्या, सूचनांप्रमाणे फक्त २. एका एजंटने तर करारातल्या काही पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवलेत, पैशांचा पुरावा नाहीच. नेमकी तीच ऑफर सर्वांत जास्त रकमेची! त्या खरेदीदाराबद्दल खरंच वाईट वाटतं. चूक एजंटची, घर मात्र त्याच्या हातून जाणार.

आमच्या एजंटने चौघांनाही फोन आणि ईमेल केले. तिघांनी कागद पूर्ण केले. या एजंटचं काहीच उत्तर नाही. त्याच्या ऑफरला उत्तर द्यायची मुदत उद्या रात्री संपते. अपूर्ण ऑफर परस्पर बाजूला ठेवायला आमची एजंट तयार नाही. रिअल्टर्सच्या (एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेचे सदस्य) आचारसंहितेप्रमाणे प्रत्येक ऑफर विक्रेत्यासमोर ठेवावी लागते, हे मला मान्य आहे. पण कर्ज नाकारलं जाऊन सौदा फिसकटला तर परवडणार नाही, पुढचं घर आम्ही घेऊन ठेवलंय.

मल्टिपल काउंटर ऑफरचा फॉर्म (एकाच वेळी अनेक खरेदीदारांना आपल्या अटी पाठवायचा) वापरायचा विचार आहे. त्यात आमची शेवटची सही होईपर्यंत करार होत नाही, त्यामुळे दोन खरेदीदारांशी बांधले जाण्याची भीती नाही.

कोणी हा फॉर्म वापरलाय का? पैशांचा पुरावा २४ तासांत द्या, अशी अट त्यात घातली तर कागद पूर्ण दिलेले खरेदीदार बिथरून निघून जातात का?