गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, थंडीत जास्तच – मदत हवी आहे

केळीकाठ:
फैजपूरजवळच्या खेड्यात राहतो. छोटी पेट्रोल गाडी आहे, बॅटरी 35 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवण), साडेतीन वर्षं झालेली. आबांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी जळगावला असतं. पहिली पाळी, त्यामुळे पहाटे पाचला निघावंच लागतं.

पावसाळ्यापर्यंत काही त्रास नव्हता. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला, रात्री केळीच्या बागेत धूर करायची वेळ आली आणि त्याच आठवड्यापासून शुक्रवारची पहाट अवघड झाली. चावी फिरवली की मीटरचे दिवे मंद होतात, सेल्फ नुसता टक-टक करतो. मागच्या शुक्रवारी शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर आणून जंप दिला तेव्हा निघालो. पाऊण तास गेला. आबा शाल पांघरून मागच्या सीटवर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

रविवारी रावेरला एक फेरी होते, म्हणून मंगळवारी गाडी कशीबशी लागते. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं होतं, ते खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतलं. मल्टीमीटर लावून पाहिला: मंगळवारी संध्याकाळी 12.6 व्होल्ट, शुक्रवारी पहाटे 11.7. गाडी चालू असताना 14.2 दाखवतो. बॅटरीवाला म्हणतो नवीनच घ्या. घेईनही, पण गाडीच करंट खात असेल तर नवीन बॅटरीचीही हीच गत होईल ना? कुठून सुरुवात करू?

वायरिंग_धुळे:
भाऊ, 14.2 म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा) ठीक आहे, तिकडे हात लावू नका. आधी दोष बॅटरीचा की गाडीचा ते ठरवा. मंगळवारी घरी आलात की 10 च्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा आणि शुक्रवारी पहाटे व्होल्टेज बघा. सुटी ठेवूनही उतरली तर बॅटरी गेली. तशीच राहिली तर गाडी खातेय. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग पुन्हा करावं लागेल, एवढंच. दोष सापडेपर्यंत रोज असंच ठेवलं तर आबांची खेपही चुकणार नाही.

जुना_मेकॅनिक_भुसावळ:
थंडीवर सगळं ढकलू नका. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, हे खरंच. पण आपल्याकडे बॅटरी मारतो तो मे महिना. पारा 45 च्या वर जातो, आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. ते दुखणं डिसेंबरात बाहेर येतं. तुमच्या बॅटरीला झाकणं असतील तर सेलमधलं पाणी बघा. प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं अजिबात नको.

केळीकाठ:
पाणी दोन सेलमध्ये कमी होतं, घातलं. टर्मिनल काढून ठेवलेली बॅटरी शुक्रवारी पहाटे 12.5. जोडली, लगेच लागली! म्हणजे गाडीच खातेय. आता ते शोधायचं कसं?

वायरिंग_धुळे:
मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला. एक टोक सुट्या निगेटिव्ह वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. मीटर असा मध्ये असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही, मीटर जळेल. फ्यूजसाठी ड्रायव्हरकडचं दार उघडं ठेवावं लागेल, म्हणून दाराचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवा. बाकी सगळं बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा, गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. त्यानंतर 0.05 अँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा जिथे धपकन पडेल, त्या लाइनवर दोष.

केळीकाठ:
सापडलं! पाऊण तासानंतरही 0.41. म्युझिकचा फ्यूज काढला, काही फरक नाही. हॉर्नचा, तसंच. आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा 0.02 वर आला. वरचा दिवा तर बंद होता. मग डिक्की आठवली. काल पहाटे सगळी गाडी दवाने भिजून गार पडली होती. डिक्की उघडताक्षणी दिव्याच्या काचेवर बोट ठेवलं, तर कोमट! बंद डिक्कीत दिवा रात्रभर जळत होता. आबांची घडीची खुर्ची आम्ही तिथे कोंबतो. तिचा पाय लागून स्विच वाकडा झालाय, झाकण लावलं तरी दबत नाही.

वायरिंग_धुळे:
हिशेब जुळला. 5 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण 0.42 अँपिअर खातो. मंगळवार संध्याकाळ ते शुक्रवार पहाट, साठ तास धरा: 25 एएच. 35 च्या, तेही जुन्या बॅटरीत उरलं काय? बल्ब आत्ताच काढा. आणि बॅटरी एकदा चार्जरवर पूर्ण भरून घ्या, तासाभराच्या रस्त्यात इतकी खोल उतरलेली बॅटरी भरत नाही. तीन-साडेतीन अँपिअरवर, उघड्या जागेत लावा. गॅस निघतो, जवळ विडी-काडी नको.

केळीकाठ:
बल्ब काढला, स्विच सांगून ठेवलाय, खुर्ची आता मागच्या सीटखाली आडवी ठेवतो. चार्जर मित्राकडून आणून रात्रभर लावला. टर्मिनल न काढता तीन दिवस उभी ठेवली. आज शुक्रवार, पहाटे 12.5, एका सेल्फला सुरू. सातला आबा मशीनवर होते. दादा, काका, दोघांचे मनापासून आभार.