‘गाडीच्या चेनमध्ये बोट गेलं’ असं मी सांगितलं होतं

जुना_सुपरवायझर (मूळ पोस्ट)

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका प्रेस शॉपात मी सुपरवायझर होतो. २०२२ सालची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावरची घाई, दुसरी पाळी. एक पोरगा प्रेसवर वॉशर काढत होता. त्या प्रेसला दोन हातांनी दाबायची बटणं होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोका पडायचा नाही. पण तसं केलं की माल कमी निघतो, म्हणून बटणं काढून पायाचं पेडल बसवलेलं. पत्रा डायमध्ये (साच्यात) अडकला, तो काढायला त्यानं हात घातला आणि पाय पेडलवरच राहिला. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली.

मालकांचा फोन आला, “ईएसआयला नेऊ नका, प्रायव्हेटला न्या, बिल मी बघतो.” ईएसआय म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा दवाखाना. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी कन्नडमध्ये सांगितलं, मोटरसायकलची चेन साफ करताना. पोराचा थोरला भाऊ शेजारीच उभा होता. त्याला कन्नड येत नाही, पण ‘बैक’ आणि ‘चैन’ एवढं त्याला कळलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या पोराकडे मोटरसायकल नव्हतीच. कंग्राळीहून सायकलवर यायचा.

मालकांनी बिल भरलं, वर चाळीस हजार दिले. दोन महिन्यांनी कामावर घेतलं, पॅकिंगला. आमच्या गेटवर ‘अपघाताविना गेलेले दिवस’ असा फळा होता. रोज सकाळी वॉचमन खडूनं आकडा वाढवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढवला.

तेव्हाचा कायदा सरळ होता. फॅक्टरी अॅक्ट १९४८, कलम ८८ : माणूस दगावला किंवा इजेमुळे ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर मॅनेजरनं ताबडतोब कळवायचं. चूक कुणाची, हा प्रश्न तिथं येतच नाही. माझं मत असं की हे कळवणं मालकाच्या मर्जीवर सोडूच नये, आणि लपवलं तर माझ्यासारख्या खोटं बोलणाऱ्यालाही धरावं. तुम्हाला काय वाटतं?

मच्छे_लघुउद्योजक

काका, तुमचं मन खातंय ते समजतं. पण जरा आमच्या बाजूनंही बघा की. माझ्याकडे २२ माणसं आहेत. माल पुण्याला जातो. तिकडचे ऑडिटवाले आले की पहिला प्रश्न, वर्षात अपघात किती? मी खरं सांगितलं तर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला, आणि त्या शेडमध्ये अपघात होत नाहीत असं तुम्हाला वाटतं काय? जो कळवतो तो सापडतो, जो लपवतो त्याला ऑर्डर मिळते. हा खेळ मी मांडलेला नाही.

दुसरं. कळवायचं म्हणजे प्रेसला गार्ड नव्हता, पेडल लावलं होतं, हे मी माझ्याच हातानं लिहून द्यायचं. जुन्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम ९२ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होता, नाहीतर दोन्ही. स्वतःच्या गळ्याला स्वतः दोरी कोण लावेल? आणि मालक म्हणजे राक्षस नव्हे. रात्री दोन वाजता माणसाला गाडीत घालून दवाखान्यात मीच नेलंय. रक्तानं भिजलेली सीट अजून तशीच आहे.

फॉर्म_भरणारी

मी पीएफ-ईएसआयची कामं करते, बारा-पंधरा युनिटची. दादा, तुम्ही रात्री दोनला नेलंत हे चांगलंच केलंत. पण काकांनी सांगितलेल्या केसमध्ये ‘मालकांनी बिल भरलं’ हे उपकारासारखं ऐकू येतं, ते तसं नाही.

पोराच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जात होते, मालक ३.२५ टक्के भरत होते. म्हणजे विमा होता. गंभीर इजा असेल तर ईएसआयला अपघात कळवायचा फॉर्म १२ लगेच पाठवायचा, साधी असेल तर २४ तासांत. फॉर्म गेला की कामावर येऊ न शकणाऱ्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के मिळतात. पुढे मेडिकल बोर्ड कायमचं अपंगत्व ठरवतं. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची क्षमता २० टक्के कमी धरतात. पगार १५,००० म्हणजे ढोबळ मानानं दिवसाला ५००. त्याचे ९० टक्के ४५०, आणि त्याचे २० टक्के म्हणजे ९० रुपये. महिन्याला २,७०० आणि तेही जन्मभर, दुसरीकडे नोकरी लागली तरी. चाळीस हजार दीड वर्षाच्या आत वसूल झाले असते. पोरगं पंचवीस वर्षांचं असेल तर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

आणि गंमत बघा, हे पैसे मालकाच्या खिशातून जाणारच नव्हते. हप्ता वर्षानुवर्षं भरायचा आणि वेळ आली की कार्ड खिशातून काढायचंच नाही.

मच्छे_लघुउद्योजक

ताई, ईएसआयचं मान्य. पण फॉर्म १२ गेला की मागोमाग फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार हे मालकाला ठाऊक असतं. म्हणून तो दोन्ही टाळतो. तुम्ही हे दोन रस्ते वेगळे करून द्या, उद्यापासून निम्मे लोक कळवतील.

कॅज्युअल्टीतली

मी नर्स आहे, दवाखान्याचं नाव सांगत नाही. पंजा चेपलेला, नखांत काळं ऑइल, अंगात छातीवर नाव छापलेला शर्ट, आणि सोबतचा माणूस सांगतो, बाथरूममध्ये पाय घसरला. आम्ही एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करतो, पोलिसाला फोन जातो, पोलीस येऊन तेच लिहून घेतो. फॅक्टरी खात्याला त्यातलं काही कळत नाही. मच्छेवाल्या दादांचं म्हणणं मी उलटं करते. लपवणाऱ्याला ऑर्डर मिळते ना? मग लपवणं अवघड करा. हाताच्या प्रत्येक इजेला दवाखान्यानं ‘काम कुठं करता’ एवढं एक विचारून थेट फॅक्टरी खात्याला पाठवावं. मालकाच्या प्रामाणिकपणावर सगळं टांगून ठेवायची गरजच काय?

हेल्पर_होनगा

सगळे मालकाचं बोलतात, आमचं कोण विचारतंय. माझ्या पायावर कास्टिंग पडलेलं, हाड मोडलं. मीच साहेबांना म्हटलं, कळवू नका. मी ठेकेदाराचा माणूस. नाव गेलं असतं तर ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तू नको, तुझ्या भावाला पाठव. पोलीस घरी आला की गल्लीत बभ्रा होतो तो वेगळाच. दीड महिना घरी बसलो, साहेबांनी निम्मा पगार दिला. मला ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

फॉर्म_भरणारी

भाऊ, रागावू नका, पण निम्मा नाही, ९० टक्के मिळाले असते. आणि ती मदत चालू असताना कामावरून काढता येत नव्हतं, जुन्या ईएसआय कायद्यात कलम ७३ होतं.

हेल्पर_होनगा

कलम होतं हो ताई. ठेकेदार कुठं वाचतोय.

आठ_माणसांचं_शेड

माझ्याकडे आठच माणसं. पॉवरवर चालणाऱ्या कारखान्याला दहाच्या खाली जुना फॅक्टरी अॅक्ट नव्हता, ईएसआयपण नव्हता. त्यामुळं हा सगळा धागा मला लागू नाही असं समजू ना? (खवचटपणे नाही, खरंच विचारतोय.)

फॉर्म_भरणारी

नाही. उलट तुमचं जास्त अवघड आहे. नुकसानभरपाईचा १९२३ चा जुना कायदा होता, मशिनवरच्या कामाला त्यात दहा माणसांची अट नव्हती. ईएसआय नसेल तर मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यावर ७ दिवसांत भरपाईच्या कमिशनरला कळवायचं. गंभीर म्हणजे काय तेही लिहिलं होतं : अवयव कायमचा निकामी होणं, हातापायाचं हाड मोडणं, २० दिवसांपेक्षा जास्त काम बंद पडणं वगैरे. आणि भरपाई तुमच्या खिशातून. वय ३०, पगार १५,००० धरा. ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले २०७.९८ (कायद्यात वयानुसार ठरलेला आकडा), त्याचे २० टक्के. झाले ३,७४,३६४ रुपये, दोन बोटांचे. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. हा जुन्या कायद्याचा हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता आल्यात, कुठलंही कलम लावायच्या आधी ते बघून घ्या. ४८ तासांची रेघ मात्र तिथंही आहे.

आठ_माणसांचं_शेड

पावणेचार लाख. उद्या सकाळी पहिलं काम विमा एजंटाला फोन.

चंदगडी_गडी

आमचं त्रांगडं आणखी वेगळं. राहायला बेळगाव, कामाला शिनोळीला, म्हणजे हद्द ओलांडली की महाराष्ट्र. अपघात शिनोळीत, दवाखाना बेळगावात, पोलीस कर्नाटकाचा, फॅक्टरी इन्स्पेक्टर कोल्हापूरकडचा. कळवायचं म्हटलं तरी निम्म्यांना माहीत नसतं कुठं. मालकालाही ते सोयीचंच.

भाषा_हवीच

मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. काकांनी कन्नडमध्ये सांगितलं म्हणून तो भाऊ गप्प राहिला. मच्छे-उद्यमबागेत निम्म्याहून जास्त कामगार मराठी, आणि सूचना कुठल्या भाषेत? सीमाप्रश्न असा रोजच्या कामातच दिसतो.

मच्छे_लघुउद्योजक

साहेब, तो विषय इथं नको. माझ्या शेडमध्ये कन्नड, मराठी, उर्दू, बिहारी सगळे आहेत. बोट भाषा विचारून तुटत नाही.

फॉर्म_भरणारी

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. जुन्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम १०८ मध्ये लिहिलं होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, गेटजवळ लावायच्या. राज्यभाषेत असं लिहिलेलं नव्हतं. त्यामुळं मराठी बोर्ड मागायला मोर्चा लागत नव्हता. पण तो भाऊ भाषेमुळं गप्प राहिला असं मला वाटत नाही. त्याला कळलं होतं की.

जुना_सुपरवायझर

ताई बरोबर बोलल्या. त्याला कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्याला कळलंय. म्हणून तर तीन वर्षांनी लिहितोय.

मच्छेवाल्या दादांना एकच सांगतो. स्वतःच्या हातानं दोरी, हे तुमचं म्हणणं मी वीस वर्षं मालकांच्या तोंडून ऐकलं, पटायचंही. पण त्या प्रेसची दोन बटणं परत बसवायला अर्धा दिवस लागला असता. इन्स्पेक्टर आला असता तर बसवावीच लागली असती. मी निवृत्त झालो तेव्हाही पेडल तिथंच होतं, दुसरा पोरगा बसला होता.

मच्छे_लघुउद्योजक

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एक विचारतो, तो पोरगा अजून तिथंच पॅकिंगला आहे ना? तुम्ही आज लेखी दिलंत तर उद्या त्याचं काय? होनग्याचा भाऊ म्हणतोय ते खोटं नाही. आधी त्याला विचारलंत का?

जुना_सुपरवायझर

काल भावाला फोन केला. आधी ओळखच दाखवली नाही. मग म्हणाला, “आत्ता कशाला?” मी म्हटलं, ईएसआयच्या ऑफिसात उशिराचा अर्ज करू, मी साक्षीला येतो, काय बोललो होतो ते लिहून देतो. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, रविवारी या, तो घरी असतो, त्यालाच विचारा. तो नको म्हणाला तर मी लिहिणार नाही.

फॉर्म_भरणारी

काका, नुसती साक्ष कमी पडेल. त्या दिवसाचा काही कागद आहे का? हजेरी, शिफ्ट रजिस्टर, काहीही?

जुना_सुपरवायझर

माझी शिफ्टची डायरी घरी आहे. आत्ता पान काढून बघितलं. ‘प्रेस नं. ३ बंद, ४० मिनिटं. कारण : डाय सफाई.’ अक्षर माझंच आहे.