नुसता मागचा नॉब फिरवून भागत नाही
एका दादांनी लिहिलंय की बॉक्सिंगच्या हेडगार्डला (डोक्यावर घालायच्या गादीच्या टोपीला) सायकल हेल्मेटसारखा मागं घट्ट करायचा नॉब दिला की एकाच साइजमधे सगळी पोरं बसतील. नॉबनं घेर कमी होतो हो, पण डोक्याचा आकार प्रत्येकाचा वेगळा, मग कपाळाला घट्ट आणि कानाजवळ मोकळं असं होतं आणि फटका बाजूनं आला की हेडगार्ड डोक्यावरच फिरतं. अमेरिकन फुटबॉलच्या काही हेल्मेटात आतल्या हवेच्या पिशव्या पंपानं फुगवून फिट करतात, मला ते जास्त पटतं. शिवाय सायकल हेल्मेटातला थर्माकोल इथं चालतच नाही, तो एकदा दबला की संपला, इथं रोजचा मार, दबून परत फुगणारा फोमच पायजे. आमच्या साताऱ्यात बॉक्सिंगची पोरं एकच हेडगार्ड आळीपाळीनं घालतात, घामानं वास मारतो नुसता, तेव्हा आतलं पॅड वेल्क्रोनं काढून धुता येईल असं करा राव आधी, जाड-पातळ पॅड बदलायची सोय पण त्यातच होते. आणि कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) होणारच नाही असं मात्र कुणाला सांगू नका, डोकं गरकन फिरल्यावर आत मेंदूला जो हिसका बसतो त्यावर पॅडिंगचा फारसा इलाज नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला तर पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच उतरले होते.