उत्तर: रिकव्हरीतल्या स्विचवर एक्समोडेमने फाइल चढवताना

चिपळूणच्या कार्यालयातला कॅटॅलिस्ट २९६० (सिस्कोचा नेटवर्क स्विच) 'स्विच:' प्रॉम्प्टवर, म्हणजे सिस्टिम सुरू न झाल्यावरच्या रिकव्हरी स्थितीत, अडकलाय आणि एक्समोडेमने (कन्सोल केबलवरून फाइल पाठवायची पद्धत) सिस्टिमची फाइल चढवताना ती अर्ध्यावर तुटते, असा प्रश्न आहे. खरी अडचण वेगाची आहे. ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे केबलवरचा वेग) सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, म्हणजे १० एमबीला तीन तास. पावसाळ्यात आपल्याकडे तेवढा वेळ वीज टिकेल याचा भरवसा नाही. आधी 'फ्लॅश_इनिट' द्या (त्याने स्विचची फ्लॅश मेमरी वापरायला तयार होते), मग 'सेट बॉड ११५२००'. स्क्रीनवर कचरा दिसू लागला की घाबरू नका, लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्रॅमचाही वेग ११५२०० करा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा. आता तेच काम साधारण १५-२० मिनिटांचं. 'डिर फ्लॅश:'ने जागा बघा, फक्त अर्धवट राहिलेली फाइल पुसा. फ्लॅश फॉरमॅट मात्र करू नका, कॉन्फिगरेशनही त्यातच असतं! फाइल .टार (अनेक फाइलींचा गठ्ठा) असेल तर लॅपटॉपवर उलगडून आतली .बिन (खरी सिस्टिम फाइल) घ्या, एमडी५ (फाइल धड आहे का ते सांगणारा आकडा) तपासा आणि 'कॉपी एक्समोडेम: फ्लॅश:नाव.बिन' द्या. स्विच आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर हवेत. खाऱ्या हवेने कन्सोल पोर्टच्या पिना हिरवट झाल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, अशा पिनांमुळेही फाइलचे ब्लॉक (तुकडे) पुन्हापुन्हा नाकारले जातात. फाइल चढल्यावर 'अनसेट बॉड', टर्मिनल परत ९६०० वर, मग 'बूट फ्लॅश:नाव.बिन'.