यादृच्छिक पडताळणीत 0.68, नव्या हंगामात 0.29 : प्रबंधात कोणता आकडा ग्राह्य धरावा?

प्रश्न : रब्बी_ज्वारी

नमस्कार. रब्बी ज्वारीच्या धान्य उत्पादनासाठी जीनोमिक निवड (डीएनएवरील मार्करवरून उत्पादनाचे भाकीत करून केलेली निवड) कितपत उपयोगी पडेल, या विषयावर माझे पीएच.डी.चे काम चालू आहे. मालदांडी 35-1 हा ज्वारीचा वाण एक पालक म्हणून समान असलेल्या सहा संकरांपासून तयार केलेल्या स्थिर वंशावळी (पुढच्या पिढ्यांत गुण न बदलणाऱ्या), त्यांची एसएनपी मार्करची (डीएनएतील एकेका अक्षराच्या फरकांची) माहिती आणि खोल, मध्यम व हलक्या जमिनीच्या तीन केंद्रांवर दोन हंगामांत घेतलेल्या चाचण्यांच्या नोंदी, एवढी सामग्री हाताशी आहे. प्रारूप जीब्लप आहे, म्हणजे मार्करवरून काढलेल्या आप्तसंबंधांच्या आधारे भाकीत करणारे.

सर्व नोंदींचे यादृच्छिक पाच भाग पाडून प्रत्येक भाग आळीपाळीने बाजूला ठेवला, तेव्हा भाकीत आणि प्रत्यक्ष उत्पादन यांचा सहसंबंध 0.68 आला. त्यानंतर दुसरा हंगाम संपूर्ण झाकला आणि ज्या संकराच्या वंशावळींचे भाकीत करायचे तो संकरही प्रशिक्षणातून वगळला, तेव्हा हाच सहसंबंध 0.29 वर आला. त्या हंगामात वंशावळींच्या सरासरीची आनुवंशिकता (दिसणाऱ्या फरकातील जनुकीय वाटा) 0.45 होती. बरेच प्रकाशित निबंध पहिल्याच पद्धतीने आकडे देतात, म्हणून तुलनेसाठी तोच द्यावा, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. सल्लागार समितीतील एका सदस्यांना दुसराच आकडा ग्राह्य वाटतो. दोन्ही एकाच सामग्रीतून आणि एकाच प्रारूपातून आले असल्यामुळे कोणत्या आधारावर निवड करावी, हे मला ठरवता येत नाही.

याशिवाय एक शंका आहे. वंशावळींमधील आप्तसंबंधांचे मॅट्रिक्स मी सर्वांच्या मार्करवरून एकदाच काढले आहे, आणि उत्पादनाच्या समायोजित सरासरीही सर्व चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून काढल्या आहेत. यामुळे पडताळणीच्या भागातील माहिती प्रशिक्षणात झिरपते का? अन्य शाखांमध्ये हा प्रश्न कसा हाताळतात, हेही जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद : पैदासकार

दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि प्रश्न न सांगता नुसता आकडा छापला की वाचणारा तो आपल्या मनातल्या प्रश्नाला जोडून घेतो. आपल्या यादृच्छिक विभागणीत एखाद्या वंशावळीची खोल जमिनीवरील नोंद प्रशिक्षणात आणि तिचीच मध्यम जमिनीवरील नोंद पडताळणीत जाते, म्हणजे जिचे भाकीत करायचे तिचे उत्पादन प्रारूपाने अन्यत्र पाहिलेलेच असते. सिमिट या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्राच्या गव्हावर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात या दोन परिस्थिती स्वच्छ वेगळ्या केल्या होत्या : ज्या वंशावळी कुठेच पेरून पाहिलेल्या नाहीत त्यांचे भाकीत, ही सीव्ही1 (सीव्ही म्हणजे क्रॉस-व्हॅलिडेशन, अर्थात पडताळणी), आणि काही ठिकाणी पेरलेल्या वंशावळींचे उरलेल्या ठिकाणचे भाकीत, ही सीव्ही2. आपला 0.68 हा सीव्ही2 च्या जवळचा आहे. सगळ्या वंशावळी सगळ्या केंद्रांवर पेरणे परवडत नाही म्हणून प्रत्येक केंद्रावर थोड्या थोड्या पेरून उरलेल्या जागा भाकिताने भरायच्या असतील, तर हाच आकडा कामाचा आहे आणि तो देण्यात गैर काही नाही. मात्र उद्या नवा संकर करून, त्याची संतती शेतात न नेता केवळ मार्करवरून निवडायची असेल, तर त्या कामाशी 0.68 चा काहीही संबंध उरत नाही.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. सहा संकरांच्या सरासरी उत्पादनात फरक असणारच. मालदांडी सर्वत्र समान असली तरी दुसरा पालक निराळा आहे. सर्व वंशावळींवर एकत्र सहसंबंध काढला की कोणती वंशावळ कोणत्या संकरातली, एवढे ओळखूनही प्रारूपाला बरेच गुण मिळतात. परंतु संकराची सरासरी पैदासकाराला मार्करशिवायही कळते. त्याला हवे असते ते एकाच संकरातील शंभर भावंडांमधून चांगले दहा निवडण्याचे सामर्थ्य. म्हणून प्रत्येक संकराच्या आतील सहसंबंध वेगवेगळा काढून पाहावा. तो एकत्रित आकड्यापेक्षा बराच कमी निघतो, असा बहुतेक पिकांतला अनुभव आहे.

दुग्धपैदाशीत हा प्रश्न काळाच्या क्रमाने सोडवला गेला. उत्तर अमेरिकेतील होल्स्टीन वळूंच्या जीनोमिक मूल्यांकनाची पडताळणी करताना 1999 पूर्वी जन्मलेल्या 3,576 वळूंच्या 2003 मधील मूल्यांकनावर प्रारूप बेतले आणि 1999 ते 2002 या काळात जन्मलेल्या 1,759 वळूंच्या कन्यांची 2008 मधील कामगिरी त्याने किती ओळखली ते पाहिले. जुन्या पिढीवरून नव्या पिढीचे भाकीत करायचे, कारण प्रत्यक्ष निवडही त्याच दिशेने होते. तेथे वळूंची यादृच्छिक सरमिसळ केली असती, तर मुलाच्या नोंदीवरून बापाचे मूल्य सांगण्यासारखा प्रकार झाला असता.

0.29 पाहून निराश होऊ नये. हा सहसंबंध शेतातल्या उत्पादनाशी आहे, आणि त्या उत्पादनात जमिनीचा चढउतार, खोडमाशीचा उपद्रव असे सगळेच आले. जनुकीय मूल्याशी असलेली अचूकता काढण्यासाठी त्याला आनुवंशिकतेच्या वर्गमुळाने भागतात. 0.45 चे वर्गमूळ सुमारे 0.67, म्हणजे अचूकता 0.43 च्या आसपास येते. निवडीपासून दरवर्षी मिळणारी प्रगती ही निवडीची तीव्रता, अचूकता आणि जनुकीय विचलन यांच्या गुणाकाराला पिढीच्या कालावधीने भागून मिळते. मार्करमुळे पिढीचा कालावधी निम्म्याहून खाली आणता आला, तर 0.43 अचूकतेवरही नुसत्या शेतचाचणीपेक्षा सरस प्रगती साधू शकते. उलट, फुगलेला आकडा या सूत्रात घातला तर शेतचाचण्या बंद करण्याचा निर्णयसुद्धा कागदावर फायद्याचा दिसू लागतो, आणि त्याची किंमत पुढची दहा वर्षे मोजावी लागते.

एक सूचना. रब्बी ज्वारीत खोल जमिनीसाठी फुले वसुधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा अशा वेगवेगळ्या शिफारशी आहेत, त्या उगाच नाहीत. पीक साठलेल्या ओलाव्यावर वाढते आणि तो ओलावा किती दिवस पुरेल हे जमिनीची खोली ठरवते. त्यामुळे हलक्या जमिनीचे केंद्र पूर्ण झाकून उरलेल्या दोहोंवरून त्याचे भाकीत करणे, ही तिसरी पडताळणीही आपल्या प्रबंधात असावी.

प्रतिसाद : भोसरी_देखभाल

मी कारखान्यातील यंत्रांच्या कंपन-मापनाचे काम करतो. आमच्याकडे हीच अडचण बेअरिंगच्या बाबतीत येते. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने बेअरिंगमधील दोषांच्या कंपनांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, आणि दोष ओळखणाऱ्या असंख्य प्रारूपांची परीक्षा त्यांवरच होते. दोष ठिणगीयंत्राने मुद्दाम पाडलेले आहेत, 0.007, 0.014 आणि 0.021 इंच अशा ठरावीक व्यासांचे. मोटारीवरचा भार शून्यापासून 3 अश्वशक्तीपर्यंत बदललेला आहे.

या नोंदींचे छोटे छोटे तुकडे करून ते यादृच्छिकपणे वाटले, तर एकाच बेअरिंगच्या एकाच फेरीतले शेजारचे तुकडे दोन्ही बाजूंना जातात, आणि अचूकता 99 टक्क्यांच्या पुढे जाते. भार बदलून विभागणी केली तरी बेअरिंग तेच राहते. प्रारूप अशा वेळी दोषाचे लक्षण शिकले की त्या विशिष्ट बेअरिंगची आणि त्याच्या बसवणीची ओळख शिकले, हे सांगता येत नाही. आम्हाला मात्र शॉपफ्लोअरवरील असे बेअरिंग तपासायचे असते, ज्याचा आवाज प्रारूपाने कधीच ऐकलेला नाही आणि ज्याचा दोष ठिणगीने पाडलेला नसून झिजेतून आलेला आहे. म्हणून विभागणी बेअरिंगनिहाय, आणि शक्य असेल तेथे यंत्रनिहाय करावी, असा माझा आग्रह असतो. आपल्याकडे बेअरिंगच्या जागी वंशावळ आणि यंत्राच्या जागी केंद्र येईल, असे मला वाटते.

प्रतिसाद : क्षकिरण

वैद्यकात हे प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण चुकीच्या आकड्यावर रुग्णाचे निदान अवलंबून राहते. छातीच्या क्ष-किरण प्रतिमांचा एक प्रसिद्ध खुला संच आहे. त्यात 1,12,120 प्रतिमा आहेत, पण माणसे 30,805 आहेत. प्रतिमांची यादृच्छिक विभागणी केली तर एकाच रुग्णाच्या प्रतिमा दोन्ही बाजूंना जाणार हे उघड आहे, म्हणून विभागणी रुग्णनिहाय करणे ही किमान अट झाली.

तेवढ्यानेही भागत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखणारी प्रारूपे वेगवेगळ्या रुग्णालयांच्या प्रतिमांवर तपासली होती. एका रुग्णालयाच्या संचात न्यूमोनियाचे प्रमाण 34.2 टक्के होते, तर दुसऱ्या संस्थेच्या संचात अवघे 1.2 टक्के. प्रतिमा कोणत्या रुग्णालयातली, हे प्रारूपाला जवळजवळ अचूक ओळखता येत होते. तंत्रज्ञ प्रतिमेच्या कोपऱ्यात जी धातूची खूण ठेवतात तीसुद्धा त्याला पुरेशी होती. रुग्णालय ओळखले की रोगाची शक्यता आपोआपच ओळखता येते, फुप्फुसाकडे पाहण्याची गरजच उरत नाही. पैदासकार यांनी संकरांच्या सरासरीबद्दल जे लिहिले आहे, तेच हे आहे : गट ओळखून मिळालेले गुण आणि गटाच्या आत मिळालेले गुण वेगळे मोजायला हवेत.

कोव्हिडच्या काळात ही अडचण पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिसली. 2021 मधील एका परीक्षणात निकषांवर टिकलेल्या 62 अभ्यासांपैकी एकही प्रारूप रुग्णसेवेत वापरण्याजोगे आढळले नाही. त्यांतील काहींनी कोव्हिड नसलेल्या प्रतिमा म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचा जुना संच घेतला होता आणि कोव्हिडच्या प्रतिमा प्रौढांच्या होत्या. असे प्रारूप मूल आणि मोठे माणूस यांतला फरक शिकले तरी त्याची अचूकता उत्तमच दिसणार.

आपल्या विषयाच्या आणखी जवळचे उदाहरण म्हणजे अनेक जनुकांवरून काढलेला रोगजोखमीचा अंक. ही पद्धत आपल्या जीनोमिक निवडीचीच सख्खी बहीण आहे. मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेल्या अंकांची अचूकता पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत सुमारे निम्मी आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत सुमारे साडेचार पटींनी कमी भरते, असे 2019 मध्ये दाखवले गेले आहे. आपण एक संकर पूर्ण वगळून जी परीक्षा घेतली, ती या जातीची परीक्षा आहे आणि माझ्या मते आपल्या प्रबंधातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

प्रतिसाद : संगणन_पुणे

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो, कारण त्याकडे अद्याप कोणी वळलेले नाही. आप्तसंबंधांचे मॅट्रिक्स सर्व वंशावळींच्या मार्करवरून काढण्याला माझ्या मते हरकत नाही. त्यात उत्पादनाची माहिती वापरलेली नाही, आणि प्रत्यक्ष निवडीच्या वेळीही नव्या उमेदवारांचे मार्कर आपल्या हातात असणारच आहेत. भाकीत करताना जे खरोखर ठाऊक असेल ते वापरणे ही गळती होत नाही.

समायोजित सरासरींचे तसे नाही. दुसऱ्या हंगामाच्या नोंदी एकत्रित प्रारूपात घालून वंशावळींचा परिणाम काढला, तर पहिल्या हंगामाच्या सरासरींमध्येही दुसऱ्या हंगामाचे उत्पादन मिसळते. म्हणून प्रत्येक चाचणीची सरासरी त्याच चाचणीच्या नोंदींवरून स्वतंत्रपणे काढावी आणि जे काही एकत्र करायचे ते प्रशिक्षणाच्या भागापुरतेच करावे. यानंतर 0.29 थोडा खाली येण्याची शक्यता आहे, याची तयारी ठेवावी.

मार्करची निवड केली असेल, तर तीही तपासावी. उत्पादनाशी संबंध असलेले मार्कर संपूर्ण सामग्रीवरून आधी निवडायचे आणि मग पडताळणी करायची, ही सर्वांत घातक गळती आहे. कर्करोगाच्या जनुक-अभिव्यक्तीच्या सामग्रीवर 2002 मध्ये अँब्रॉइझ आणि मॅकलॅक्लन यांनी ती फार स्पष्टपणे दाखवली. रुग्णांची संख्या दोन आकडी आणि जनुके हजारोंनी, अशा सामग्रीत ज्यांचा रोगाशी काहीच संबंध नाही अशी कृत्रिम माहिती घेतली, तरी जनुके आधी निवडून नंतर पडताळणी केल्यास चूक शून्याजवळ येत होती. निवड प्रत्येक फेरीच्या आत केली की चूक जवळपास नाणेफेकीइतकी होत होती. हे वाचून मी माझ्या विद्यार्थ्यांना एक सवय लावली आहे, ती आपल्यालाही सुचवतो : उत्पादनाचे आकडे वंशावळींमध्ये यादृच्छिकपणे अदलाबदल करून सर्व प्रक्रिया पहिल्यापासून चालवावी. सहसंबंध शून्याभोवती आला नाही, तर कुठेतरी गळती आहे.

ही केवळ नवशिक्यांची अडचण आहे असे समजू नये. कपूर आणि नारायणन यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात 17 विद्याशाखांमधील सुमारे 300 निबंध अशा गळतीने बाधित असल्याचे नोंदवले आहे.

पुढील प्रश्न : रब्बी_ज्वारी

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. तिन्ही परिस्थितींचे आकडे, कोणत्या उपयोगासाठी कोणता हे सांगून, स्वतंत्रपणे द्यायचे आणि संकराच्या आतील सहसंबंध त्यांच्या शेजारी मांडायचे, असे मार्गदर्शकांपुढे ठेवतो. एकच प्रश्न उरतो. हंगाम दोनच आहेत आणि संकर सहाच. एवढ्या थोड्या भागांवरून काढलेल्या आकड्याची अनिश्चितता कशी दाखवावी?

प्रतिसाद : पैदासकार

सरासरी काढून एक आकडा करू नये. पहिल्यावरून दुसऱ्या हंगामाचे आणि दुसऱ्यावरून पहिल्याचे भाकीत वेगवेगळे छापावे, आणि सहा संकरांचे सहा आकडे तक्त्यात तसेच्या तसे द्यावेत. विश्वासांतर (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा ते अंतर) काढताना वंशावळींची संख्या धरली तर ते खोटेपणाने अरुंद येईल, कारण एका संकरातील भावंडे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. बूटस्ट्रॅप (सामग्रीतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून अनिश्चितता काढणे) करायचे असेल तर पुनर्निवड संकरांची करावी. सहाच संकर असल्याने ते अंतर रुंद येईल, आणि ते तसेच छापावे. हंगामाबाबत मात्र कोणतेही सूत्र उपयोगी पडणार नाही. दोन हंगामांत पावसाचा फरक किती होता, परतीचा पाऊस पेरणीपूर्वी किती झाला आणि पोटरीनंतर ओल किती टिकली, हे प्रत्येक केंद्रापुढे लिहावे, म्हणजे तिसऱ्या हंगामात हे प्रारूप वापरू पाहणाऱ्याला स्वतःच्या शेताशी तुलना करता येईल.