हीटर ब्लॉक आणि जॉच्या मध्ये फॉइल घालू का?

सातपूरचा_फिटर:
मंडळी, चिवड्याची पाकिटं सील करायचं मशीन आहे. ॲल्युमिनियमचा हीटर ब्लॉक, त्यावर चार ॲलन बोल्टनी आवळलेला पितळी जॉ, म्हणजे पाकीट दाबून सील करणारा जबडा. ब्लॉकमधलं थर्मोकपल (तापमान मोजायची तार) 190 अंश सेल्सिअस दाखवतं, जॉच्या तोंडाला जेमतेम 160. उष्णता नीट जावी म्हणून मध्ये सिलिकॉन पेस्ट लावून पाहिली, आठवड्यात वाळून पांढरी भुकटी. पोळ्या गुंडाळायची फॉइल मध्ये घातली तर? शेजारच्या गाळ्यातला म्हणतो, ‘एका सांध्याचे दोन करतोयस, उष्णता आणखी अडेल.’

टूलरूम_अंबड:
शेजाऱ्याचं अर्धंच बरोबर. मशीनिंग केलेले पृष्ठभागसुद्धा बारीक टोकांवरच टेकतात, बाकी फटीत हवा. हवेची उष्णतावाहकता 0.026 W/mK, ॲल्युमिनियमची 237 च्या आसपास. फॉइल मऊ असली आणि दाब भरपूर असला की ती टोकं तिच्यात रुततात, हवा हटते. बोल्ट ढिले असतील तर मात्र शेजारी जिंकला! घरची फॉइल मऊच असते. एकच पदर घाला, सुरकुती नको.
आणि आधी ब्लू लावून बघा, म्हणजे एका पृष्ठभागाला निळा रंग फासून दुसरा कुठे टेकतो ते दिसेल. फॉइल ओरखडे भरते, बाक नाही. मध्ये एक दशांश मिलिमीटर फट असेल तर दहा-वीस मायक्रॉनची फॉइल काय करणार?

प्रयोगवाला:
इंडियमची फॉइल घ्या ना, नखाने ओरखडा उठतो इतकी मऊ.

टूलरूम_अंबड:
भाऊ, इंडियम 156.6 ला वितळतं. ह्यांचा ब्लॉक 190 वर. चिवड्यात उतरवायचंय का?

गॅरेज_द्वारका:
तांब्याची पातळ फॉइल लाल करून गार केली तर तीही मऊ पडते. इंजेक्टरखालची चकती आम्ही तशीच परत वापरतो. पण पितळासमोर ॲल्युमिनियमच बरं, जास्त दबतं.

सातपूरचा_फिटर:
ब्लू लावला आणि लाज वाटली. जॉ फक्त दोन टोकांना टेकत होता, मधला वीतभर भाग कोराच. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाट्यावर) पॉलिश पेपर ठेवून दोन तास घासला. मग फॉइलचा एक पदर, बोल्ट तिरक्या कोपऱ्यांच्या जोड्यांनी आवळले, गरम झाल्यावर पुन्हा एकदा. आता जॉवर 181.

टूलरूम_अंबड:
ह्यात फॉइलचं किती आणि घासण्याचं किती? फॉइल काढून एकदा मोजा की.

सातपूरचा_फिटर:
दिवाळीची ऑर्डर आहे दादा. आत्ता बोल्टला हात लावला तर मालक मलाच सील करेल.